एकाच नावाचे दोघे आणि पेटीतलं मृत्युपत्र

सदरची_लेक | ३ मार्च, रात्री १०.४०

मंडळी, हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. वडील गेल्या पावसाळ्यात गेले. त्यांच्या कपाटातली लोखंडी पेटी उघडली तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न घोळतो आहे. घरात विचारून झालं, आता इथे विचारते.

आमचं कुटुंब नागपूरचं, मराठी ख्रिस्ती. चार पिढ्या इथल्या सदर भागात गेल्या. घरच्या जुन्या बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानावर वंशावळ लिहिलेली आहे, दर पिढीची शाई वेगळी आणि हातही वेगळा. सगळ्यात वर खापरपणजोबा, त्यांच्याखाली पणजोबा (जन्म १८७६), मग आजोबा, मग वडील आणि आत्या. आम्ही लहानपणापासून हे पान पाठ म्हणायचो.

पेटीत दोन कागद निघाले. पहिला नागपूरजवळच्या कामठीतल्या एका देवळातल्या (म्हणजे चर्चमधल्या) दफन-नोंदीचा उतारा, साल १८९४, नाव खापरपणजोबांचं. दुसरा नागपूरच्या जिल्हा न्यायालयातल्या प्रोबेटची, म्हणजे कोर्टाने मृत्युपत्र खरं ठरवल्याच्या दाखल्याची, इंग्रजी नक्कल, साल १९११. मृत्युपत्र १९०९ मध्ये केलेलं, आणि करणाऱ्याचं नाव तेच! त्यात सदरचं घर 'नेफ्यू'ला दिलं आहे. तो नेफ्यू म्हणजे आमचे पणजोबा, घराच्या आखीव पत्रिकेत (मिळकतीच्या सरकारी नोंदीत) पुढे त्यांचंच नाव लागलं.

म्हणजे जो माणूस १८९४ मध्ये कामठीत मातीआड झाला तोच १९०९ मध्ये नागपुरात सही करतो, आणि स्वतःच्या मुलाला पुतण्या म्हणतो. हे कसं शक्य आहे?

आत्या ८६ वर्षांची आहे. तिच्या मते दफनाची नोंद दुसऱ्याच कुणाची असेल. काका म्हणतात, प्रोबेट दुसऱ्याचं, चुकून आपल्या पेटीत आलं. पण मग घर आपल्याकडे कसं आलं? त्यात भर म्हणजे घरात दोन कथा चालत आल्या आहेत. एक शाखा म्हणते आपण मूळचे जालन्याचे, दुसरी म्हणते आपण कामठीच्या पलटणीबरोबर आलेले. लग्नाकार्यात यावरून माणसं एकमेकांशी बोलायची थांबली आहेत, इतकं ते लागतं.

घरच्यांच्या इच्छेमुळे नाव देत नाही. दर तिसऱ्या ख्रिस्ती घरात सापडेल असं बायबलमधलं नाव आहे, एवढं पुरे. दफन झालेल्यांना 'कामठीचे' आणि मृत्युपत्र करणाऱ्यांना 'सदरचे' म्हणते.

कामठीचा_माणूस | ४ मार्च, सकाळी ७.१५

ताई, आधी एक सांगा, दफनाच्या नोंदीत आडनाव आहे का? आणि व्यवसायाच्या रकान्यात काय लिहिलंय?

कामठीची छावणी १८२१ची. एकोणिसाव्या शतकात बराच काळ तिथे मद्रास लष्कराच्या पलटणी होत्या. त्यांच्यामागून दक्षिणेकडची कितीतरी माणसं आली, स्वयंपाकी, कारकून, गाडीवान, दुकानदार, आणि त्यांत ख्रिस्तीही पुष्कळ. कामठीतल्या काही घरांत अजूनही तमिळ, तेलुगू बोललं जातं ते त्यामुळेच. या मंडळींमध्ये आपण समजतो तसं आडनाव नसायचंच. स्वतःचं नाव आणि बापाचं नाव, संपलं.

म्हणून कामठीचं काहीही शोधताना फक्त नागपूरकडे बघू नका. इंग्रज अमलातल्या देवळांच्या नोंदींच्या ज्या नकला वर पाठवल्या जात, त्या आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या कागदांत आहेत. त्यांच्या तीन मालिका आहेत : एन/१ बंगाल, एन/२ मद्रास, एन/३ मुंबई. कामठीसाठी मद्रासची मालिका पाहायला विसरू नका. त्यात युरोपियन आणि अँग्लो-इंडियन जास्त, आपली माणसं कमी, हे धरून चाला. आपल्या माणसांसाठी देवळातली मूळ वहीच गाठावी लागते.

इतवारीवाला | ४ मार्च, सकाळी ९.०२

बाप्पा, लय गुंता आहे हा. मले वाटते दोघं भाऊ असतील. पण एकाच नावाचे दोन भाऊ कोण ठेवते?

आमच्यातही असंच झालं होतं, मी हिंदू आहे तरी सांगून राहिलो. आमच्याकडे नातवाले आज्याचं नाव द्यायची रीत. त्याच्यानं एक पिढी सोडून तेच नाव येते. आमच्या वंशावळीत आजा आणि नातू एकच माणूस समजून मधली अख्खी पिढी खाल्ली होती. कोतवाल बुकातली मृत्यूची नोंद आणि शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरातली जन्मतारीख जोडून पाहिली तवा कळलं, नोंदीतला म्हातारा मेला त्याच्या दोन वर्षांनंतर 'तोच' पहिलीत बसून राहिला! दोन कागद बाजूबाजूले ठेवल्याशिवाय हे दिसत नाही.

सदरची_लेक | ४ मार्च, रात्री ९.३०

कामठीचा_माणूस, आडनाव नाही. फक्त नाव, वय ४५, आणि व्यवसाय 'कमसरियत'. सदरच्यांच्या कागदावर मात्र आमचं आडनाव ठसठशीत आहे, आणि व्यवसाय मिशन शाळेतले शिक्षक.

पलटणीच्या रसदखात्यातला माणूस म्हातारपणी शिक्षक झाला, असं आम्ही आजवर समजत आलो. आता लिहिताना मलाच ते पटत नाही.

इतवारीवाला, धन्यवाद. भावांचं मलाही आधी वाटलं होतं.

निवृत्त_निबंधक | ५ मार्च, दुपारी १२.२०

नोंदणी खात्यात तीस वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तुमच्याजवळ आहे ते प्रोबेटला जोडलेलं इंग्रजी भाषांतर आहे. मूळ मृत्युपत्र मराठीत असणार, कारण मिशन शाळेचा मराठी शिक्षक सहसा मराठीतच लिहिणार. कोर्टाच्या भाषांतरकाराने त्यात 'नेफ्यू' हा शब्द घातला. मूळ शब्द काय होता ते पाहा. इंग्रजीत पुतण्याही नेफ्यू आणि भाचाही नेफ्यू. आपल्याकडे या दोन शब्दांत घराणंच बदलतं.

आता मूळ कुठे मिळेल ते सांगतो. मृत्युपत्रात शाळेला किंवा देवळाला काही दिलं आहे का? असेल तर एक महत्त्वाची गोष्ट आहे. ख्रिस्ती माणसाला तेव्हा १८६५चा वारसा कायदा लागू होता. त्याच्या कलम १०५ प्रमाणे ज्याला नेफ्यू, नीस किंवा त्याहून जवळचं नातलग आहे, त्याला धर्मादाय देणगी मृत्युपत्राने देता येत असे ती एकाच रीतीने. मृत्युपत्र मरणाच्या किमान बारा महिने आधी केलेलं हवं, आणि केल्यापासून सहा महिन्यांत सरकारी सुरक्षित ताब्यात ठेवलेलं हवं. हेच बंधन पुढे १९२५च्या कायद्यात कलम ११८ म्हणून आलं आणि २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवलं.

१९०९ मध्ये केलं, १९११ मध्ये माणूस गेला, म्हणजे बारा महिन्यांची अट पुरी होते. जाणत्या माणसाने सल्ला दिलेला दिसतो. तसं असेल तर मृत्युपत्र मोहोरबंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकाकडे ठेवलं असणार. लिफाफ्याची नोंद पुस्तक ५ मध्ये होते. ठेवणारा वारला की अर्ज आल्यावर लिफाफा उघडतात आणि आतला मजकूर जसाच्या तसा पुस्तक ३ मध्ये उतरवतात. लोक दुय्यम निबंधकाकडच्या पुस्तक १ ची सूची चाळतात आणि 'सापडत नाही' म्हणून परत जातात. पुस्तक १ खरेदीखतं, गहाणखतं यांचं. मृत्युपत्रांचं पुस्तक ३, आणि तुमच्या बाबतीत ते जिल्ह्याच्या कचेरीतलं.

कुणी 'तुम्ही वारस आहात हे सिद्ध करा' म्हणालं तर नोंदणी कायदा १९०८चं कलम ५७ दाखवा. करणारा जिवंत असेपर्यंत नक्कल फक्त त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते. तो गेल्यावर मागेल त्याला मिळते.

सदरची_लेक | ५ मार्च, दुपारी २.०५

काका, अंगावर काटा आला. हो, शेवटच्या परिच्छेदात मिशनच्या मुलींच्या शाळेला शंभर रुपये दिले आहेत. आम्ही ते कौतुकाने वाचायचो, त्याचा हा अर्थ असेल असं स्वप्नातही आलं नव्हतं.

एक शंका. साक्षीदार म्हणून दोन परक्या माणसांच्या सह्या आहेत, पणजोबांची नाही. घरात सगळे म्हणतात तेव्हा त्यांचं भांडण होतं.

निवृत्त_निबंधक | ५ मार्च, दुपारी २.४०

भांडण नव्हे. त्या कायद्यात ज्याला मिळकत मिळायची त्याने किंवा त्याच्या बायकोने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याला दिलेलं दान बुडत असे. त्यांना बाजूला ठेवलं ते घर त्यांनाच मिळावं म्हणून.

मोहननगर | ६ मार्च, सकाळी ८.५०

आमचं घर कॅथलिक, म्हणून वेगळा अनुभव. आमच्या जुन्या वह्या लॅटिनमध्ये. योहान तिथे योआनेस होतो, याकोब याकोबुस, त्यामुळे सूचीत मराठी नाव शोधत बसलात तर दिवस वाया जातो. पण एक मोठी सोय आहे. १९०८ पासून रोमच्या आदेशाने लग्नाची नोंद ज्याच्या-त्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी समासात करायची पद्धत आली. एका पानावर जन्म, बाप, आई, धर्मबाप, धर्ममाता आणि पुढे लग्न कुठे झालं तेही सापडतं. माझ्या आजीचं माहेर मला समासातल्या दीड ओळीत मिळालं.

प्रोटेस्टंट वह्यांत ही सोय सहसा नसते. पण लग्नाची वही गाठा. नोंदीवर बापाचं नाव असण्याची शक्यता तिथेच जास्त.

छप्पन्नची_पणती | ६ मार्च, रात्री ११.१०

इतके दिवस नुसती वाचत होते, आज लिहावंसं वाटलं.

माझी पणजी १९००च्या दुष्काळातली. मध्य प्रांतात १८९७ आणि १९०० असे लागोपाठ दोन दुष्काळ पडले, आणि अनाथ झालेली कितीतरी मुलं मिशनांनी सांभाळली. तिच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत वय 'सुमारे सहा', आई-बापाच्या रकान्यात आडवी रेघ, गावाच्या जागी कुठल्याशा स्टेशनचं नाव. पुढे तिचं जे आडनाव लागलं ते अनाथालयातल्या मावशींचं.

त्या रेघेच्या पलीकडे मला कधीच जाता येणार नाही, ते मी स्वीकारलं आहे. पण एक शिकले. त्या काळच्या नोंदीत आडनाव दिसलं की ते बापाचंच असं धरून चालू नये. कुणी वाढवलं, कुणाच्या घरी राहिलं, त्यावरूनही ते पडायचं. सदरची_लेक, तुमच्या पणजोबांचं आडनाव पहिल्यांदा कुठल्या कागदावर येतं ते बघाल का?

सदरची_लेक | २९ मार्च, संध्याकाळी ७.००

उशीर झाला, माफ करा. एका कचेरीत तीन वेळा परत पाठवलं. चौथ्या वेळी कलम ५७ची छापील प्रत टेबलावर ठेवली आणि थांबून राहिले. तिथल्याच एका तरुण कर्मचाऱ्याने मग मनावर घेतलं आणि दोन दिवस धुळीत बसून पुस्तक ३ शोधून दिलं. त्याचे उपकार आहेत.

निवृत्त_निबंधक काका, तुम्ही सांगितलं तसंच निघालं. मोहोरबंद ठेवलेलं, १९११ मध्ये उघडलेलं आणि मराठीत उतरवलेलं. सुरुवात अशी की आपण अमुक वल्द अमुक ('वल्द'पुढे बापाचं नाव), मूळ राहणार जालना, हल्ली सदर बाजार नागपूर, धंदा शिक्षकाचा. पुढे आपल्याला मूलबाळ नाही, असं स्पष्ट लिहिलं आहे. आणि मग घराबद्दल : 'माझा भाचा, ज्यास मी त्याचा बाप वारल्यापासून मुलाप्रमाणे वाढविले, त्यास द्यावे.'

भाचा. पुतण्या नाही.

मी तिथेच बाकावर बसून राहिले. सदरचे आमचे खापरपणजोबा नव्हते, ते पणजोबांचे मामा होते. शंभर वर्षं आम्ही मामाला बाप म्हणत आलो.

कामठीचा_माणूस | २९ मार्च, रात्री ८.१५

आनंद झाला, पण घाई नको ताई. एका शब्दावर सगळं उभं करू नका. उतरवणाऱ्या कारकुनाचा हात चुकू शकतो. शिवाय ख्रिस्ती मंडळींत 'बंधू', 'भगिनी' हे शब्द सगळ्या मंडळीसाठी वापरतात. मंडळीतल्या एखाद्या 'भगिनी'चा मुलगाही प्रेमाने भाचा म्हटला जाऊ शकतो. सख्ख्या बहिणीचा मुलगा हे दुसऱ्या कागदावर दिसलं पाहिजे.

जालन्याबद्दल मात्र एक जुळतं. नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे, आणि स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले तेही त्याच मिशनचे. जालन्याचा शिकलेला तरुण नागपूरच्या शाळेत शिक्षक म्हणून येणं अगदी स्वाभाविक होतं.

मोहननगर | २९ मार्च, रात्री ९.४०

लग्नाची वही. परत तेच सांगते. पणजोबांचा जन्म १८७६चा, म्हणजे आईबापांचं लग्न त्याआधी चार-पाच वर्षांत शोधा. ख्रिस्ती विवाहांचा कायदा १८७२चा, त्यानंतरचं असेल तर नोंद नीट असण्याची आशा आहे.

सदरची_लेक | ३० मार्च, सकाळी ६.५५

कामठीच्या देवळात पत्र दिलं, तिथे त्या वर्षांची वही नाही. नागपुरातही कुठे विचारावं कळत नाही. लग्न वधूच्या देवळात झालं असेल तर ते मिशनचं जुनं देऊळ असणार, पण आता ते त्या नावाने राहिलेलंच नाही.

निवृत्त_निबंधक | ३० मार्च, सकाळी १०.३०

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच अनेक पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, हे ध्यानात घ्या. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि इतर मंडळ्या एकाखाली आल्या. तेव्हापासून आणि त्याआधीच्या विलीनीकरणातही वह्या एका कपाटातून दुसऱ्या कपाटात गेल्या असतील. देवळाचं आजचं नाव विचारू नका, 'जुन्या स्कॉटिश मिशनच्या वह्या कुणाकडे आहेत' असं विचारा. आणि ऑफिसात विचारण्याआधी निवृत्त पाळकसाहेबांना विचारा.

सदरची_लेक | ११ मे, रात्री ११.५०

आज ४४ डिग्रीत एका निवृत्त पाळकसाहेबांच्या घरी गेले होते. त्यांनी एका देवळाच्या मागच्या खोलीतलं कपाट उघडून द्यायची सोय करून दिली. देवळाचं नाव लिहीत नाही, कारण वह्यांची अवस्था वाईट आहे. वाळवीने खालच्या तीन वह्यांचा भुगा केला आहे. वरची वही वाचली, तिच्या कडा खाल्लेल्या पण मधला मजकूर शाबूत.

१८७४. वर : नाव कामठीच्यांचं, आडनावाचा रकाना रिकामा, वय २५, कमसरियत, राहणार कामठी. (दफनाच्या नोंदीत १८९४ मध्ये वय ४५. बरोबर जुळतं.) त्याच्या बापाचं नाव मराठी नाही. दक्षिणेकडचं आहे, इंग्रजी अक्षरांत कसंबसं लिहिलेलं. वधू : वय १७, जन्म जालना. तिच्या बापाचं नाव तेच, जे मृत्युपत्रात सदरच्यांच्या 'वल्द'पुढे आहे. साक्षीदार म्हणून पहिली सही सदरच्यांची, आडनावासकट. मृत्युपत्राच्या प्रोबेटवर सहीची जी नक्कल आहे, तिच्यातला शेवटच्या अक्षराचा झोल हुबेहूब तसाच.

म्हणजे भाऊ बहिणीच्या लग्नात साक्षीदार होता. नवरा आणि मेहुणा एकाच नावाचे! बिचाऱ्या खापरपणजीला नवऱ्याला आणि भावाला हाक मारताना काय करावं लागत असेल. एरवी मी तिचा विचारही केला नसता. बायबलच्या त्या पानावर ती नाहीच, तिथे फक्त पुरुष आहेत. ती त्या पानावर असती तर हा गोंधळ झालाच नसता.

छप्पन्नची_पणती, तुमचा प्रश्न विसरले नव्हते. पणजोबांच्या बाप्तिस्म्याच्या उताऱ्यात आडनाव नाही. त्यांच्या १९०१च्या लग्नाच्या नोंदीत पहिल्यांदा येतं, आणि ते मामांचं. बाप गेला तेव्हा ते अठरा वर्षांचे होते, मामांच्या घरी राहायला आले आणि तेच आडनाव त्यांना लागलं. आज मी जे आडनाव लावते ते माझ्या खापरपणजीच्या माहेरचं आहे.

छप्पन्नची_पणती | १२ मे, सकाळी ५.४०

वाचून डोळे भरून आले. माहेरचं नाव राहिलं तिचं.

इतवारीवाला | १२ मे, सकाळी ८.१०

म्हणजे जालनावालेही खरे, कामठीवालेही खरे! आता तरी दोन्ही शाखांना एका पंगतीले बसवा ताई.

कामठीचा_माणूस | १२ मे, सकाळी ८.४५

शंका फिटली. त्या दक्षिणी नावाचा फोटो मला खासगी निरोपात पाठवा, कामठीत दोन-तीन जुन्या तमिळ घरांत दाखवतो. आणि ती वही आजच पानोपान मोबाइलवर उतरवून घ्या, पाळकसाहेबांच्या परवानगीने. पावसाळा यायच्या आत.

सदरची_लेक | १९ मे, रात्री ८.२०

वही पूर्ण उतरवली, २१२ पानं. एक प्रत पाळकसाहेबांना दिली, कपाटात वाळवीचं औषधही मारून घेतलं.

रविवारी आत्याकडे सगळ्या नकला घेऊन गेले. तिने चष्मा लावून दोनदा वाचलं आणि बराच वेळ काही बोलली नाही. मी बायबलचं पान दुरुस्त करू का विचारलं तर म्हणाली, खोडायचं नाही, माझ्या बापाच्या हातचं आहे ते. मग पेन्सिल मागितली. सगळ्यात वरच्या नावाशेजारी 'कामठी, १८९४' लिहिलं, त्याच्या बाजूला एक रेघ ओढून खापरपणजीचं नाव, आणि तिच्यापुढे तेच नाव पुन्हा लिहून 'मामा'.

जूनमध्ये बेथेलला जाते आहे. जालन्याकडचं कुणी हा धागा वाचत असेल, आणि तिथल्या जुन्या वह्या कुणाकडे असतात हे माहीत असेल, तर कृपया कळवा. मला १८५०च्या पुढच्या दहा वर्षांत जन्मलेला मुलगा आणि त्याची बहीण हवी आहे. दोघांची नावं खासगीत सांगेन.